निरुपायाचें ऋण

पहिल्या प्रतीची कलाकृति आपणांस तृप्त करिते आणि तिसऱ्या प्रतीची आपण सहज विसरून जातों. परंतु या दोहोंच्या मधल्या जातीची जी कलाकृति असते ती मात्र पुष्कळ दिवस मनाला टोंचत राहते. मोठ्या विषयाच्या दारापर्यंत जाऊन, उंबरठ्यावर पाऊल ठेवून जी मागें फिरते, तिच्याविषयीं आपणांस नुसता कंटाळा येत नाहीं; चुटपुट लागते. अशी चुटपुट लावणारा एक चित्रपट नुकताच माझ्या पाहण्यांत आला. चित्रपट नवा नाहीं. १९९७ सालचा आहे. सुटींत घरीं आलेल्या मुलानें तो मोठ्या कौतुकानें लावला आणि 'बाबा, भिण्याची तयारी ठेवा,' असें बजावून दिवे मालविले. मी भ्यालों, हें कबूल केलें पाहिजे; पण भिण्यापेक्षां निराशच अधिक झालों. त्या निराशेचें कारण शोधूं लागलों तेव्हां तें चित्रपटांत थोडें आणि एका जुन्या नैतिक प्रश्नांत अधिक आहे, असें दिसून आलें. तो प्रश्न वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

'इव्हेन्ट होरायझन' हें या चित्रपटाचें नांव आणि त्यांतील अवकाशयानाचेंहि नांव. कृष्णविवराभोंवतीं जी मर्यादा असते, जिच्या आंत गेलेला प्रकाशहि परत येऊं शकत नाहीं, तिला भौतिकशास्त्रांत हें नांव आहे. मराठींत तिला 'घटना-क्षितिज' म्हणतात. कथा फिलिप आयस्नर यांची व दिग्दर्शन पॉल अँडरसन यांचें. काळ २०४७ सालचा. सूर्यमालेच्या सीमेचा शोध घेण्यास २०४० सालीं निघालेलें एक मोठें यान नेपच्यूनपलीकडे नाहींसें झालेलें असतें. सात वर्षांनीं तें एकाएकीं नेपच्यूनभोंवतीं घिरट्या घालतांना आढळतें व त्यावरून एक अस्पष्ट, किंकाळ्यांनीं भरलेला संदेश येतो. तपासासाठीं 'लुइस अँड क्लार्क' नांवाचें एक लहान यान धाडण्यांत येतें. त्याचा कप्तान मिलर. आणि सोबत, त्या हरवलेल्या यानाचें यंत्र ज्यानें निर्माण केलें तो शास्त्रज्ञ डॉ. विअर. हें यंत्र अवकाशाला कागदासारखें दुमडून दोन दूरचीं ठिकाणें एकमेकांस चिकटवितें आणि मधला सारा प्रवास टाळतें, अशी कल्पना आहे. यान त्या वाटेनें कोठें तरी जाऊन परत आलेलें आहे. परंतु ज्या ठिकाणीं तें गेलें तें ठिकाण या विश्वांतलें नव्हे. तेथून तें स्वतःच एक प्रकारची जाणीव घेऊन आलें आहे, आणि आंत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या मनांतलें गुपित तें ओळखतें.

येथपर्यंतची मांडणी पाहून कोणाहि रसिकाची अपेक्षा वाढावी. नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारें तीसपट अंतरावर आहे. तेथून निघालेल्या प्रकाशासहि आपल्यापर्यंत पोंचण्यास चार तास लागतात. तेथें हांक मारली तर धांवून येण्यास कोणी नाहीं. यानाची रचना करतांना पॅरिसच्या नोत्र-दाम या प्रसिद्ध मंदिराचे अवयव आधारास घेतले होते, असें दिग्दर्शकानें सांगितलें आहे. आणि त्या उंच कमानी, ते खांब, तो लांबच लांब ओसाड मार्ग पाहतांना एखाद्या देवानें सोडून दिलेल्या देवळांत आपण शिरत आहों, असेंच वाटतें. या भागांत चित्रपट उत्तम आहे. आजहि त्याचे जे निष्ठावंत चाहते आहेत ते बहुधा याच भागासाठीं असावेत.

भरतानें नाट्यशास्त्रांत भयानक रसाचीं कारणें सांगतांना शून्यगृहांत जाण्याचा उल्लेख केला आहे, आणि त्याच्याच शेजारीं गुरु व राजा यांच्या अपराधाचाहि. ओसाड घर आणि मनांतला अपराध यांना त्यानें एका पंक्तींत बसविलें, हें मला नेहमीं मार्मिक वाटत आलें आहे. रिकाम्या घरांत आपण ज्याला भितों तें पुष्कळदां आपणच बरोबर नेलेलें असतें. त्याच ठिकाणीं भयानकाचे तीन प्रकार केले आहेत: एक कृत्रिम, दुसरा अपराधापासून उपजणारा आणि तिसरा नुसत्या दचकविण्यापासून होणारा. हा चित्रपट दुसऱ्या प्रकारांत सुरू होतो आणि तिसऱ्यांत येऊन पडतो. आणि तेथूनहि घसरून, भयानकाचें क्षेत्र सोडून, बीभत्साच्या चिखलांत रुततो. भयाला कांहीं तरी गमावण्याजोगें लागतें. जुगुप्सेला नुसतें रक्त पुरतें. उत्तरार्धांत रक्ताची कमतरता नाहीं. कमतरता आहे ती अर्थाची.

ही घसरण कशी होते तें नीट पाहिलें पाहिजे. यानांत तिघांना तीन आभास दिसतात. पीटर्स या स्त्रीला तिचा पायानें अधू असलेला मुलगा दिसतो. ती त्याला घरीं ठेवून कामावर आलेली आहे. डॉ. विअरला त्याची मृत पत्नी दिसते. तो आपल्या यंत्रांत गढून गेला असतां तिनें एकाकीपणांत आत्महत्या केलेली आहे. आणि कप्तान मिलरला आगीनें वेढलेला एक तरुण खलाशी दिसतो. पूर्वीं एका यानावर आग लागली असतां इतरांचे प्राण वाचावे म्हणून मिलरनें याला मागें सोडलें होतें. तो मदतीसाठीं विनवीत होता आणि मिलरला निघून जावें लागलें. ही गोष्ट त्यानें कोणास सांगितलेली नव्हती. यानाला मात्र ती ठाऊक आहे.

वाचकहो, हीं तीन दुःखें एका जातीचीं आहेत काय? पीटर्सचा अपराध असा कांहींच नाहीं. पोटासाठीं लेकराला सोडून राहणाऱ्या लाखों आयांचें जें दुःख तेंच तिचें आहे. विअरच्या हातून मात्र उपेक्षा घडली आहे. ती त्याला टाळतां आली असती. मिलरचें प्रकरण या दोहोंहून निराळें आणि सर्वांत कठीण आहे: त्यानें जें केलें तें करणें भागच होतें, तें केलें नसतें तर सगळेच मेले असते, आणि तरीहि एक मनुष्य त्याच्याकडे पाहत जळून गेला. निर्दोष, सदोष आणि निरुपाय अशा या तीन अवस्था आहेत. चित्रपटानें त्या शेजारीं शेजारीं मांडल्या, आणि मग तिघांनाहि एकच वागणूक दिली. बिचारी पीटर्स मुलाच्या आभासामागें धांवतां धांवतां पडून मरते; विअर स्वतःचे डोळे काढून त्या नरकाचा पुजारी बनतो. जिचा कांहींच दोष नाहीं तिचा असा बळी, आणि ज्याचा आहे त्याला असा अधिकार! पापपुण्याचा विवेक न करणारा नरक हा नरक नव्हे, खाटिकखाना होय. भागवताच्या पांचव्या स्कंधांत २८ नरक सांगितले आहेत, आणि दान्तेच्या महाकाव्यांत नरकाचीं नऊ मंडलें आहेत. या वर्णनांतील क्रौर्य आज आपणांस रुचो वा न रुचो, त्यांत एक गोष्ट निश्चित आहे: प्रत्येक अपराध वेगळा ओळखला जातो. शिक्षा करणाऱ्यानें अपराध्याकडे निदान निरखून पाहिलेलें असतें.

यावर माझ्या मुलानें घेतलेला आक्षेप येथें दिला पाहिजे. तो म्हणाला, 'बाबा, भूत म्हणजे न्यायाधीश नव्हे. संकट निवडून येत नाहीं, हेंच तर भयाचें कारण आहे.' आक्षेप वजनदार आहे. वादळाला विवेक नसतो, रोगाला नसतो. निर्विवेक संकटावर उत्तम कथा होऊं शकते. पण मग त्या वादळानें माणसांच्या मनांतलीं गुपितें उकरून काढूं नयेत! ज्यानें माझा अपराध माझ्यासमोर उभा केला त्यानें त्याविषयीं कांहीं तरी म्हटलें पाहिजे. आरोप वाचून दाखवावयाचा आणि निकालाच्या वेळीं दिवे घालवून किंकाळी फोडावयाची, ही फसवणूक आहे. १९६१ सालीं पोलंडच्या स्तानिस्लाव लेमनें 'सोलारिस' ही कादंबरी लिहिली. तिच्यावर तार्कोव्हस्कीनें १९७२ सालीं चित्रपट काढला. तेथेंहि दूरच्या ग्रहावरील स्थानक, तेथेंहि आत्महत्या केलेली पत्नी नायकापुढें पुन्हां येऊन उभी राहते. पण तेथें नायकाला तिच्याशीं बोलावें लागतें, तिच्यावर पुन्हां प्रेम करावें लागतें, ती कोण आणि आपण तिचे काय लागतों याचा विचार करावा लागतो. साहित्य तेंच, एकानें त्याचा प्रश्न केला, दुसऱ्यानें बागुलबोवा.

आतां मिलरच्या प्रश्नाकडे वळूं. त्याचा अपराध आहे कीं नाहीं? दोन सोपीं उत्तरें तयारच आहेत. पहिलें असें कीं, मुळींच नाहीं. कान्टच्या नीतिशास्त्राचा एक पाया असा आहे कीं, जें करणें शक्य असेल तेवढेंच कर्तव्य असूं शकतें. त्या खलाशाला वाचविणें शक्य नव्हतें, म्हणून न वाचविण्याचा दोष नाहीं. दुसरें उत्तर असें कीं, मनुष्य मेला आणि दार मिलरनें सोडलें, तेव्हां पाप त्याचेंच. दुसरें उत्तर क्रूर आहे, हें कोणीहि सांगेल. पहिलें उत्तर मात्र खरें असूनहि अपुरें आहे, आणि तें अपुरें कां, हें इंग्लंडचे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनीं १९७६ सालच्या एका प्रसिद्ध निबंधांत दाखवून दिलें. त्यांचें उदाहरण असें: एका मालमोटारीच्या चालकाकडून, त्याचा कांहींहि दोष नसतां, एक मूल गाडीखालीं सांपडून मरतें. आपण त्याचें सांत्वन करूं, त्याला तुझा दोष नाहीं म्हणून समजावूं, आणि तें योग्यच होईल. परंतु त्यानें तें लगेच मानलें आणि शीळ घालीत तो कामावर गेला, तर आपणांस त्याच्याविषयीं कांहींसें चमत्कारिक वाटल्यावांचून राहणार नाहीं. रस्त्यावरून तें दृश्य पाहणाऱ्याला जी हळहळ वाटते तिच्याहून वेगळी अशी एक हळहळ त्या चालकाला वाटली पाहिजे. ती पश्चात्ताप नव्हे, कारण दोष नाहीं. मग ती काय?

मला वाटतें, आपल्या भाषेंत तिला एक जुना, घरगुती आणि पुरेसा शब्द आहे: ऋण. ऋण आणि पाप या वेगळ्या वस्तु आहेत. आपल्या परंपरेप्रमाणें मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा व पितरांचा ऋणी असतो. त्यांत त्याचा गुन्हा कांहीं नसतो. कोणाच्या तरी जाण्यामुळें मी राहिलों, कोणाच्या तरी वांट्याचा श्वास मी घेतों आहें, एवढ्यानेंच मी त्याचा देणेकरी होतों. दोषी नसूनहि देणेकरी असणें, ही मिलरची स्थिति आहे; आणि थोडा विचार केला तर ती आपणां पुष्कळांची आहे.

हें मी पुस्तकांतून काढून सांगत नाहीं. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत आमच्या घरांत माझी आई आणि माझी विधवा काकू अशा दोघी एकाच वेळीं साथीच्या तापानें आजारी पडल्या. दिवसभर खटपट केल्यावर एका रुग्णालयांत एक खाट मिळाली, एकच. आईच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण अधिक उतरलें होतें, म्हणून आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनीं तिला आधीं न्यावें असें सांगितलें व मीं तिला नेलें. निर्णय वैद्यकीय होता, बरोबर होता. आई वांचली. काकूचा आजार एकाएकीं बळावला आणि तिसऱ्या दिवशीं, दुसरी खाट मिळण्यापूर्वींच, ती घरीं गेली. तेव्हांपासून जो भेटतो तो मला सांगतो कीं, तुझा यांत दोष नाहीं. तें मला पटतें. तरीहि असें कोणी म्हटलें कीं आपली एखादी वस्तु कोणी उचलून नेत आहे, असें मला वाटत आलें आहे. आतां कळतें कीं ती वस्तु म्हणजे तें ऋण होतें. दोष नाहीं असें सांगतांना लोक सद्भावनेनें माझें देणेंहि पुसून टाकीत होते, आणि देण्याबरोबर काकूचें माझ्यावरचें घेणेंहि.

परंतु ऋण हा शब्द सांपडल्यावर थांबलों तर मीहि त्या चित्रपटासारखाच उंबरठ्यावरून परत फिरलों असें होईल. मघाशीं मीं तीन अवस्थांचा विवेक मागितला. तो स्वतःच्या बाबतींत करावयास नको काय? काकूला घरीं ठेवणें हा निरुपाय होता. पण आईला घेऊन निघतांना मी काकूच्या दाराशीं थांबलों आणि म्हणालों, 'काकू, संध्याकाळपर्यंत तुमचीहि सोय होते आहे.' अशी कोणतीहि सोय होत नव्हती, आणि तें मला ठाऊक होतें. काकूनें मान हालविली व 'सावकाश जा,' म्हणाली. हें वाक्य बोलण्याची मला सक्ति कोणी केली नव्हती. तिला धीर यावा म्हणून बोललों, असें मी स्वतःला सांगत असें. खरें म्हणजे तिच्या डोळ्यांना डोळा देऊन 'एकच खाट आहे, आणि ती मी आईसाठीं घेतों आहें' असें म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं. निवड हें ऋण होतें. तें वाक्य हा दोष होता. पांच वर्षें मीं दोन्ही एका गाठोड्यांत बांधून ठेविलीं होतीं, आणि लोक पहिल्याविषयीं क्षमा करीत तेव्हां दुसरीहि त्यांतच खपवून घेत होतों.

महाभारताच्या स्वर्गारोहण पर्वाची आठवण या ठिकाणीं अटळ आहे. युधिष्ठिराला नरक दाखविण्यांत येतो तो युद्धांतील संहारासाठीं नव्हे. द्रोणाला पुत्राच्या मरणाविषयीं जें अर्धसत्य त्यानें ऐकविलें त्यासाठीं. छलानें फसविलें म्हणून छलानेंच नरक दाखविला, असें इंद्र त्याला सांगतो. लक्षावधि मृत्यूंतून एका वाक्याचा हिशेब वेगळा काढणारा हा विवेक किती सूक्ष्म आहे! आणि त्या नरकांत युधिष्ठिर काय करितो? अंधार आहे, दुर्गंधि आहे, ओळखीचे आवाज विव्हळत आहेत. त्याच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानें त्यांना थोडा विसावा मिळतो, म्हणून ते त्याला थांबण्याची विनवणी करितात. तो देवदूताला परत पाठवितो आणि तेथेंच राहतो. ऋण फेडण्याची याहून सरळ रीति मला ठाऊक नाहीं: ज्यांना मागें सोडलें होतें त्यांच्यापाशीं या वेळीं थांबणें.

आश्चर्य असें कीं, 'इव्हेन्ट होरायझन'च्या हातीं हेंच उत्तर आयतें आलेलें होतें. हरवलेल्या यानावरून आलेल्या लॅटिन संदेशाचा अर्थ प्रथम 'मला वाचवा' असा लावला जातो; मागाहून कळतें कीं त्याचा अर्थ 'नरकापासून स्वतःला वाचव' असा आहे. आणि शेवटीं मिलर नेमकें याच्या उलट करितो. यानाचा पुढचा भाग मोकळा व्हावा म्हणून तो मधला मार्ग स्फोटानें तोडतो आणि स्वतः मागच्या भागाबरोबर त्या नरकाच्या तोंडांत जातो. उरलेले तिघे सुटतात. एकदां ज्यानें एकाला आगींत सोडून इतरांना वाचविलें, तोच आतां स्वतः आगींत राहून इतरांना वाचवितो. हिशेब पुरा झाला! एवढा मोठा क्षण, पण चित्रपटाला तो दिसतच नाहीं. मारामारी आणि स्फोट यांच्या धुराळ्यांत तो उरकून टाकला जातो. आणि लगेच, वाचलेल्या स्त्रीला विअरचा आभास दाखवून, आपणांस आणखी एकदां दचकवून पडदा पडतो. मिलरच्या मरणानें कांहीं साधलें कीं नाहीं, याची दिग्दर्शकाला फिकीर नाहीं. प्रेक्षक खुर्चीवरून उडाला कीं नाहीं, एवढीच आहे.

न्याय म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, हा चित्रपट घाईनें पुरा करण्यांत आला. त्याच संस्थेचा 'टायटॅनिक' लांबणीवर पडल्यामुळें याला ऑगस्ट १९९७ मध्यें पडद्यावर आणण्याची निकड झाली, आणि पुष्कळ भाग कापून तो सुमारें दीड तासाचा करण्यांत आला. सुमारें सहा कोटि डॉलर खर्च होऊन अमेरिकेंत पावणेतीन कोटींहून कमीच उत्पन्न झालें. गाळलेला भाग असता तर चित्रपट अधिक चांगला झाला असता, असें चाहते म्हणतात. असेलहि. परंतु अपराध्यांत भेद न करण्याचा दोष कात्रीमुळें आलेला दिसत नाहीं. कथेच्या बांधणींतच तो आहे. वेळ अपुरा पडल्यानें वाक्यें गळतात. दृष्टि गळत नाहीं.

चित्रपट संपल्यावर दिवे लागले तेव्हां आई दाराशीं उभी होती. ती आतां ८३ वर्षांची आहे. आवाजानें तिची झोंप मोडली होती. मुलगा तिला हंसत हंसत कथा सांगूं लागला, आणि जळणाऱ्या खलाशापाशीं आल्यावर तिनें त्याला थांबविलें व माझ्याकडे पाहून विचारिलें, 'आधीं मला नेतोयस, दुसरी खाट नाहीं, हें तूं तिला सांगितलं होतंस का रे?' पांच वर्षांत तिनें हा प्रश्न कधीं काढिला नव्हता. मीं खरें तें सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, 'तिला कळलं असेलच. पण तूं सांगायला हवं होतंस.'

तुझा दोष नाहीं, असें म्हणणारे मला पुष्कळ भेटले. दोष कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें निरखून सांगणारी ती एकटीच. पुढच्या महिन्यांत काकूची तिथि आहे. काकूचा मुलगा परदेशांतून त्यासाठीं येणार आहे. तें वाक्य त्याला माहीत नाहीं. या वेळीं तें त्याला सांगावयाचें, असें मीं ठरविलें आहे.